एका चिंचोळ्या पट्टीवरचे शहर: किरिबासमधील स्थलांतर आणि दक्षिण तारावाची वाढ – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रशांत महासागरातल्या छोट्या देशांविषयी शिकवू लागल्यापासून किरिबासबद्दल जितके प्रश्न येतात, तितके दुसऱ्या कुठल्याच देशाबद्दल येत नाहीत. त्यातले बहुतेक ‘हा देश बुडतोय ना?’ इथून सुरू होतात आणि तिथेच थांबतात. समुद्राचा धोका खरा आहे. पण तिथल्या माणसाचे आजचे हाल समजून घ्यायचे, तर दक्षिण तारावा या राजधानीच्या चिंचोळ्या पट्टीवर अर्धा देश का येऊन राहिला, हे आधी पाहावे लागते. म्हणून पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. एका प्रश्नाचे उत्तर दुसरीकडे आले असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. हा देश नेमका कुठे आहे? आणि ‘किरिबाटी’ म्हणायचे की ‘किरिबास’?

हवाई आणि ऑस्ट्रेलिया यांच्या दरम्यान, विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पसरलेली ३३ बेटे म्हणजे हा देश. गिल्बर्ट, फिनिक्स आणि लाइन असे त्यांचे तीन समूह आहेत. बानाबा हे एक उंच बेट सोडले, तर बाकी सारी प्रवाळाची, समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर वर आलेली. सगळी जमीन एकत्र केली तर ८११ चौरस किलोमीटर भरते, आणि देशाच्या हक्काचा समुद्र मात्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर. १२ जुलै १९७९ रोजी देश ब्रिटनपासून स्वतंत्र झाला.

उच्चार ‘किरिबास’. ‘गिल्बर्ट्स’ या नावाचे हे स्थानिक रूप आहे. त्यांच्या लिपीत ‘स’साठी वेगळे अक्षर नाही, टी आणि आय ही अक्षरे जोडून आली की ‘स’सारखा आवाज होतो. त्यामुळे नकाशावर ‘बेटिओ’ दिसणारे गाव बोलताना ‘बेसिओ’च्या जवळ जाते, आणि ‘किरिटिमाटी’ हे बेट म्हणजे ‘किरिसमास’, आपले ख्रिसमस. खाली ही नावे मी उच्चाराप्रमाणेच लिहिली आहेत.

२. दक्षिण तारावा हे शहर आहे की बेट?

एक बेट नाही, आणि आपल्या डोळ्यासमोर येते तसे शहरही नाही. तारावा हे एक कंकणद्वीप आहे. मधे उथळ खाऱ्या पाण्याचे तळे, म्हणजे लगून, आणि त्याच्या दोन बाजूंना प्रवाळाच्या वाळूची बारीक-बारीक बेटे. दक्षिणेकडची बेटे भराव घालून, बांध घालून एकमेकांना जोडली गेली आणि त्यांची एक सलग पट्टी झाली. पश्चिम टोकाला बंदराचे बेसिओ, मग सरकारी कचेऱ्यांचे बैरिकी, पुढे संसदेचे आम्बो, शाळांचे बिकेनिबेऊ, मोठे रुग्णालय असलेले नावेरेवेरे आणि पूर्व टोकाला विमानतळाचे बोनरिकी.

एका हाताला महासागर, दुसऱ्या हाताला लगून आणि मधून एकच रस्ता. बऱ्याच ठिकाणी त्या रस्त्यावर उभे राहिले की दोन्हीकडचे पाणी दिसते. या पट्टीचे क्षेत्रफळ १६ चौरस किलोमीटरही भरत नाही. बेसिओ आणि बैरिकी यांच्यामध्ये १९८७ पर्यंत होडीनेच जावे लागे. त्या वर्षी जपानच्या मदतीने तीन किलोमीटरहून लांब बांध-रस्ता झाला. त्या रस्त्याने शहराला जोडले आणि आणखी काय केले, ते प्रश्न १० मध्ये आहे.

३. इथे किती माणसे राहतात आणि ही वाढ किती जुनी आहे?

१९४७ मध्ये दक्षिण तारावावर दोन हजारसुद्धा माणसे नव्हती. १९७८ मध्ये ती १८ हजारांच्या आसपास झाली, २००० मध्ये साधारण ३७ हजार. २०१० च्या जनगणनेत ५०,१८२ आणि २०१५ मध्ये ५६,३८८. २०१५ साली साऱ्या देशाची लोकसंख्या १,१०,१३६ होती. म्हणजे निम्म्याहून अधिक माणसे देशाच्या दोन टक्के जमिनीवर. २०२० च्या जनगणनेत हा आकडा ६० हजारांच्या पुढे गेला.

एकट्या बेसिओत दीड-पावणेदोन चौरस किलोमीटरवर २०१५ मध्ये १७ हजारांहून अधिक लोक राहत होते. दर चौरस किलोमीटरला दहा हजार माणसे म्हटल्यावर महानगरातल्या लोकांना काही वाटणार नाही. पण तिथे मजले जवळजवळ नाहीत. ही सारी माणसे जमिनीला टेकून राहतात, आणि त्यांच्या पायाखाली जे पाणी आहे तेच ती पितात.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ही सगळी वाढ बाहेरून आलेल्यांची नाही. आलेली जोडपी तरुण असतात, त्यांना मुले होतात, आणि आता तारावावरच जन्मलेली, वाढलेली पिढी मोठी आहे. उद्या एकही बोट बाहेरच्या बेटांवरून आली नाही, तरी शहर वाढतच राहील.

४. बाहेरच्या बेटांवर नारळ आहे, मासळी आहे, मोकळी हवा आहे. मग लोक गाव सोडून का येतात?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा येतो, आणि त्यात नकळत एक आरोप असतो, की गाव सोडणारा चुकतोय. मला तसे मुळीच वाटत नाही.

बाहेरच्या बेटांवर उपाशी कोणी राहत नाही. नारळ, फणसाच्या कुळातले ब्रेडफ्रूट, खोल खड्ड्यांत वाढवलेला बवाबवाई नावाचा अळूचा कंद आणि समुद्रातली मासळी, एवढ्यावर घर चालते. पण शाळेची फी, मिठाचा-साखरेचा खर्च, चर्चची वर्गणी, बोटीचे भाडे आणि आजारपण नारळावर भागत नाही. त्याला रोकड लागते, आणि रोकड येण्याची वाट जवळजवळ एकच: खोबरे वाळवून सरकारला विकणे. भाव सरकार ठरवते. बोट कधी येईल ते मात्र सरकारच्याही हातात पूर्ण नसते.

उलट तारावावर काय आहे ते पाहा. पगारी नोकऱ्यांपैकी बहुतेक सरकारी, आणि सरकार तारावावर. परदेशी मदतीतून होणारी बांधकामे तारावावर. वरच्या वर्गांच्या नावाजलेल्या सरकारी शाळा बिकेनिबेऊला, दक्षिण प्रशांत विद्यापीठाचे केंद्र तारावावर, जहाजांवरच्या खलाशांना शिकवणारे केंद्र १९६७ पासून बेसिओत. अवघड बाळंतपण असो की शस्त्रक्रिया, जावे लागते नावेरेवेरेच्या रुग्णालयात.

हे आपोआप झालेले नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी वसाहतीचे मुख्यालय बानाबावर होते, कारण तिथे फॉस्फेटच्या खाणी होत्या. युद्धानंतर ते तारावावर आले. इंग्रज अधिकाऱ्यांना कचेऱ्या, शाळा, रुग्णालय, बंदर एकाच ठिकाणी ठेवणे स्वस्त आणि सोयीचे वाटले. स्वतंत्र देशाला तीच मांडणी वारशाने मिळाली. त्यात १९७९ मध्ये बानाबाचे फॉस्फेट संपले, आणि गावागावांतून तिथे कामाला जाणाऱ्यांची एक जुनी वाट बंद झाली. ज्या देशात सगळे काही एकाच जागी ठेवले आहे, तिथला बाप मुलाच्या दहावी-बारावीसाठी त्या जागी जाणारच.

५. पण खरे कारण समुद्राची वाढती पातळी हेच ना? बातम्यांत तर तसेच येते.

आजवर दक्षिण तारावाला आलेल्या माणसांपैकी बहुतेक जण शिक्षण, काम, उपचार आणि नातलग यांच्यासाठी आले आहेत. प्रश्न ३ मधले आकडे पुन्हा बघा: शहराची झपाट्याची वाढ १९५० ते १९८० या काळात सुरू झाली, तेव्हा हवामानबदल हा शब्दही तिथे कुणी ऐकला नव्हता.

याचा अर्थ समुद्राशी संबंध नाही असा नाही. मोठ्या भरतीला पाणी घरांत शिरते, बवाबवाईच्या खड्ड्यांत खारे पाणी आले की कंद कुजतात, दुष्काळ पडला की विहिरी मचूळ होतात. २०१५ मध्ये पाम चक्रीवादळाच्या लाटांनी दक्षिणेकडच्या बेटांना झोडपले. जून २०२२ मध्ये दुष्काळामुळे सरकारने आपत्ती जाहीर केली. अशा वेळी आधीच डळमळीत असलेला गावचा संसार सोडण्याचा निर्णय लवकर होतो.

मला खटकते ते एवढेच, की ‘बुडणारा देश’ या एका वाक्यात नळाला पाणी नसणे, शौचालय नसणे, मुलांचे अतिसार, दाटीमुळे पसरणारा क्षयरोग हे सारे झाकले जाते. ही दुखणी पन्नास वर्षांनी येणार नाहीत, आत्ता आहेत, आणि त्यांच्यावर उपाय करता येतो.

६. चहूकडे पाणी, पाऊसही भरपूर. मग पिण्याच्या पाण्याची एवढी टंचाई का?

कंकणद्वीपावर नदी नसते, ओढा नसतो. पावसाचे पाणी सच्छिद्र वाळूतून खाली झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. या थराचा आकार भिंगासारखा असतो: बेटाच्या मध्यावर जाड, कडांना पातळ. बेट जितके रुंद तितके भिंग जाड. दक्षिण तारावाची बहुतेक पट्टी इतकी अरुंद आहे की तिथे चांगले भिंग तयारच होत नाही. म्हणून शहराच्या नळाचे पाणी पूर्वेच्या दोन रुंद जागांमधून येते: बोनरिकी आणि शेजारचे बुओटा.

या दोन्हींतून दिवसाला साधारण २० लाख लिटर पाणी सुरक्षितपणे उपसता येते, असा अंदाज आहे. त्याहून जास्त उपसले की खालचे खारे पाणी वर येते. साठ हजार माणसांत ते वाटले तर माणशी ३३ लिटर होतात, आणि गळती त्यातूनच वजा व्हायची. त्यामुळे कित्येक वस्त्यांना दिवसाआड तास-दोन तास पाणी मिळत आले आहे. उरलेली गरज छपरावरून साठवलेले पाणी आणि घरामागची विहीर भागवते.

विहिरीची अडचण उघड आहे. भिंग जमिनीखाली एक-दोन मीटरवर. त्याच जमिनीत शौचालयाचा खड्डा, डुकरांचा गोठा आणि घरच्या माणसांच्या समाध्या. आपल्या माणसाला घराशेजारी पुरणे ही तिथली रीत आहे. गावी जागा असताना तिने काही बिघडत नव्हते.

पाऊसही विश्वासाचा नाही. वर्षाला सरासरी दोन हजार मिलिमीटर पडतो खरा, पण ला निन्याच्या वर्षांत, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा थंड असतो तेव्हा, महिनोन् महिने दडी मारतो. समुद्राचे पाणी गोडे करणारा मोठा प्रकल्प आंतरराष्ट्रीय बँकांच्या मदतीने हाती घेतला गेला, तो या हिशेबामुळेच. त्याला वीज लागते, आणि विजेसाठी डिझेल किंवा सौरऊर्जा. म्हणजे फुकट पडणाऱ्या पावसाची जागा विकतचे पाणी घेणार.

७. सांडपाण्याची काही व्यवस्था आहे का?

आहे, आणि तिची सुरुवात एका साथीने झाली. १९७७ मध्ये तारावावर पटकी पसरली. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या मदतीने बेसिओ, बैरिकी आणि बिकेनिबेऊ या तीन ठिकाणी गटारयोजना बांधली गेली. गोडे पाणी वाया जाऊ नये म्हणून शौचालयांत समुद्राचे खारे पाणी सोडायचे आणि घाण नळाने महासागरात न्यायची, अशी ती युक्ती. कल्पना शहाणपणाची होती. पण खाऱ्या पाण्याने पंप आणि नळ झिजले, देखभालीला पैसा पुरला नाही आणि मधल्या वस्त्या योजनेबाहेरच राहिल्या. तिथली पुष्कळ माणसे आजही पहाटे किनाऱ्यावर जातात. लगूनच्या चिखलात शिंपल्या वेचणाऱ्या बायका त्याच किनाऱ्यावर उभ्या असतात.

८. गावाहून आलेल्या कुटुंबाला राहायला जागा कोण देते?

आधी जमिनीचा कायदा समजून घ्यावा लागतो. गिल्बर्ट बेटांवर जमीन कुळाची असते. लगूनपासून महासागरापर्यंत आडवे पट्टे, आणि प्रत्येक पट्ट्यावर मुलांचा तसाच मुलींचाही वारसा. पिढीगणिक वाटण्या होत गेल्या की एका पट्ट्याला डझनावारी हिस्सेदार होतात. तारावावरची जमीन तारावाच्या मूळ कुळांची. बाहेरून आलेल्याची नव्हे. सरकारनेही बेसिओ, बैरिकी, बिकेनिबेऊ इथल्या जमिनी मालकांकडून दीर्घ मुदतीच्या भाड्यानेच घेतल्या आहेत.

त्यामुळे आलेल्या माणसापुढे वाटा थोड्या. सरकारी नोकर असेल तर सरकारी घर मिळण्याची आशा. नाहीतर मालकाशी तोंडी बोलणी करून कोपरा. नाहीतर समुद्रात दगड-वाळूचा भराव टाकून स्वतःच तयार केलेली चार हात जागा. नाहीतर बोनरिकी-बुओटाच्या राखीव पाणीक्षेत्राची कड, म्हणजे सगळे शहर जे पाणी पिते त्याच्याच डोक्यावर घर. आणि सर्वांत जास्त चालणारी वाट म्हणजे नातेवाईक.

९. नातेवाईक किती दिवस ठेवून घेतात? ‘बुबुती’ म्हणजे काय?

बुबुती म्हणजे नात्यातल्या माणसाने केलेली मागणी, जी नाकारायची नसते. मागणारा उद्या देणारा असतो, म्हणून ती चालते. वादळ, दुष्काळ, रिकामी होडी अशा बेटांवरच्या जगण्यात माणसाला तगवले ते या रिवाजाने. शहरात तिला वेगळे वळण लागते. पगार एकाचाच, मागणारे अनेक. पुतण्याची शाळा चार वर्षांची, म्हणून तो चार वर्षे राहतो. मग त्याची बहीण येते. एका छपराखाली सात-आठ माणसे हे तिथे नवल नाही.

परदेशी तज्ज्ञ बुबुतीला बचतीतला अडथळा म्हणतात. मी त्यांच्याशी सहमत नाही. बेकारी भत्ता, भाड्याचे घर, वसतिगृह यांची उणीव या देशात इतकी वर्षे नात्यांनीच भरून काढली आहे. भार पेलणारा थकतो हे खरे, आणि त्याच्या घरातल्या बाईचे काम दुप्पट होते हेही तितकेच खरे.

१०. समुद्र वाढतोय, तर तारावाची बेटे लहान व्हायला हवीत. ती मोठी झाली असे वाचले. हे कसे?

दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनी हवाई छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवून पाहिले, तेव्हा बेसिओचे क्षेत्रफळ सुमारे ३० टक्क्यांनी, बैरिकीचे १६ टक्क्यांनी वाढलेले दिसले. त्यामागे मोठा हात माणसाचा: भराव, बांध आणि बांधांमुळे अडलेली वाळू. ही जमीन वाढली म्हणून ती उंच झाली असे मात्र नव्हे. भराव टाकून मिळालेली जागा बहुधा सर्वांत सखल, आणि तिथे राहतो तो सर्वांत गरीब.

याच्या उलट उदाहरण लगूनमधल्या बिकेमान या बेटुकल्याचे. ते जवळजवळ वाहून गेले, आणि अनेक वर्षे परदेशी बातमीदार ते समुद्रपातळी वाढल्याचा पुरावा म्हणून दाखवत राहिले. प्रत्यक्षात प्रश्न २ मधल्या १९८७ च्या बांध-रस्त्याने पाण्याचा जुना मार्ग बंद झाला आणि वाळूचा प्रवाह बदलला, हे त्यामागचे मुख्य कारण होते. बांधांनी माशांचीही वाट अडवली. अंडी घालायला लगूनमधून बाहेर जाणाऱ्या इकारी माशाचे थवे तारावावर रोडावले.

११. मग उंच इमारती बांधून जागा का वाचवत नाहीत?

काही दुमजली-तिमजली इमारती आहेत. पण सिमेंट, लोखंड, लाकूड सगळे जहाजाने येते, वाळू किनाऱ्यावरून काढावी तर किनारा खचतो, आणि डझनभर हिस्सेदारांच्या जमिनीवर (प्रश्न ८) कोण पैसे घालणार? शिवाय मजले वाढले म्हणून पाणी वाढत नाही. वाळूच्या बाबतीत मात्र चांगला मार्ग निघाला: युरोपीय संघाच्या मदतीने लगूनच्या तळातून वाळू काढण्याची सोय झाली.

१२. सरकार लोकांना गावीच राहायला का लावत नाही?

लावता येत नाही, आणि लावू नये. गावात राहणे परवडेल असे करता येते, आणि तसे प्रयत्न झाले आहेत. २०१६ मध्ये तानेती मामाऊ राष्ट्राध्यक्ष झाल्यावर खोबऱ्याचा भाव किलोला एक ऑस्ट्रेलियन डॉलरवरून दोन डॉलर केला गेला. देशाचे चलन ऑस्ट्रेलियन डॉलरच आहे. जागतिक बाजारापेक्षा हा भाव बराच वर होता. फरक सरकार भरते. तो पैसा कुठून येतो? टुना मासळी पकडणाऱ्या परदेशी जहाजांच्या परवान्यांतून. म्हणजे समुद्राची कमाई नारळाच्या वाटेने गावच्या घरात जाते. मला हे धोरण आवडते, कारण ते माणसाला हुकूम देत नाही. पण नोकरी आणि वरची शाळा तारावावरच राहिली, तर खोबऱ्याचा भाव बाप गावात ठेवील, मुलाला नाही.

१३. किरिसमास बेट एवढे मोठे आहे. लोकांना तिथेच का वसवत नाहीत?

नकाशा पाहिलेला प्रत्येक जण हे विचारतो, आणि प्रश्न रास्त आहे. किरिसमासची जमीन सुमारे ३८८ चौरस किलोमीटर, म्हणजे देशाच्या जवळजवळ निम्मी. आणि २०१५ मध्ये तिथे राहणारी माणसे साडेसहा हजारांच्याही आत. जमीनही कुळांची नाही, सरकारची.

अडचण अंतराची. तारावापासून ते ३,२०० किलोमीटरवर आहे. कित्येक वर्षे विमानाने जायचे तर फिजीला, म्हणजे दुसऱ्या देशाला वळसा घालावा लागे. १ जानेवारी १९९५ पर्यंत तर आंतरराष्ट्रीय वाररेषा देशाच्या मधून जात होती: तारावावर सोमवार, तेव्हा किरिसमासवर रविवार. बेट कोरडे आहे, पाऊस तारावाहून कमी आणि लहरी. ब्रिटिशांनी १९५७-५८ मध्ये आणि अमेरिकेने १९६२ मध्ये तिथे अण्वस्त्रचाचण्या केल्या, ती आठवणही पुसलेली नाही. तरीही बेट वाढते आहे, आणि पुढची मोठी वस्ती तिथेच होईल असे सरकारचे धोरण आहे.

१४. यापूर्वी कधी माणसांना उचलून दुसऱ्या बेटांवर नेले होते का?

हो, आणि ते अनुभव वाचल्याशिवाय ‘हलवा त्यांना’ असे कुणी म्हणू नये. १९३८ पासून इंग्रजांनी दाटी झालेल्या गिल्बर्ट बेटांवरच्या कुटुंबांना फिनिक्स समूहातल्या मान्रा, ओरोना आणि निकुमारोरो या बेटांवर वसवले. दुष्काळांनी विहिरी खाऱ्या केल्या आणि १९६३ पर्यंत ती बेटे रिकामी करावी लागली. लोकांना पुन्हा उचलून सॉलोमन बेटांवर नेले. एका आयुष्यात दोनदा घर मोडलेली माणसे ती.

दुसरे उदाहरण बानाबाचे. फॉस्फेटसाठी तिथल्या लोकांची जमीन खणून काढली गेली आणि डिसेंबर १९४५ मध्ये त्यांना फिजीच्या राबी बेटावर उतरवले. आज बहुसंख्य बानाबन तिथेच आहेत. तिसरा प्रयोग स्वतंत्र सरकारचा: १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तेराइना आणि ताबुआएरान या लाइन बेटांवर, स्वेच्छेने येणाऱ्यांना जमीन देऊन. लोक गेले, टिकलेही. पण तेवढ्या वर्षांत तारावाची लोकसंख्या थांबली नाही.

१५. फिजीत देशाने जमीन घेतली आहे ना? सगळे तिकडेच जाणार का?

जमीन घेतली हे खरे. २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष आनोते टोंग यांच्या काळात फिजीच्या वानुआ लेवू बेटावर वीस चौरस किलोमीटरहून थोडी जास्त जमीन विकत घेतली गेली. सगळा देश तिथे जाईल अशी योजना मात्र नाही. त्या जागेवर आधीपासून सॉलोमन वंशाच्या लोकांचे गाव आहे, डोंगर आणि जंगल आहे. पुढच्या सरकारने स्थलांतराऐवजी इथेच राहण्यावर भर दिला. ती जमीन म्हणजे अन्नासाठी आणि अडीअडचणीसाठी राखलेली पुंजी, असे समजणे जास्त बरोबर.

१६. न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियाला जाण्याची वाट कितपत खुली आहे?

अरुंद आहे. न्यूझीलंडने २००२ पासून सोडतीने कायमचा रहिवास द्यायला सुरुवात केली, तेव्हा किरिबासचा वाटा वर्षाला ७५ जणांचा होता. फळबागांवर हंगामी कामाला न्यूझीलंड २००७ पासून माणसे घेते, ऑस्ट्रेलियाही घेते. पूर्वी जर्मन मालकांच्या जहाजांवर खलाशी म्हणून जाणे ही मानाची नोकरी होती; २००८ च्या मंदीनंतर ती आटली.

१७. ‘पहिला हवामान-निर्वासित’ म्हणून गाजलेला खटला होता. त्याचा शहरवाढीशी काय संबंध?

फार जवळचा, आणि तोच भाग सांगायचा राहून जातो. किरिबासच्या एका नागरिकाने न्यूझीलंडमध्ये आश्रय मागितला. २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला आणि त्याला परत पाठवले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीचा निर्णय जानेवारी २०२० मध्ये जाहीर झाला: परत पाठवणे बेकायदा ठरले नाही, पण हवामानामुळे जीवच धोक्यात येत असेल तर माणसाला परत धाडता येणार नाही, हे तत्त्व मान्य झाले.

त्याच्या तक्रारीत काय होते? बाहेरच्या बेटांवरून लोक येऊन तारावावर दाटी झाली, जमिनीवरून हाणामाऱ्या होतात, पाणी पिण्यालायक नाही. म्हणजे हवामानाच्या नावाने गाजलेला खटला बराचसा एका भरून गेलेल्या शहराविषयी होता.

१८. उत्तर तारावा त्याच कंकणद्वीपावर आहे. मग ते शहरात का धरत नाहीत?

जनगणनेत आणि कारभारात ते ‘बाहेरचे बेट’ मोजले जाते, आणि राहणीही गावची आहे: विरळ वस्ती, खड्ड्यांतला बवाबवाई, होड्या. पण सीमारेषेवरचे बुओटा पुलाने शहराला जोडलेले आहे. तिथला माणूस सकाळी बैरिकीला कामावर जातो आणि कागदोपत्री ग्रामीण राहतो. आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा. शहर कागदावरच्या रेषेच्या पुढे गेले आहे.

१९. तुवालू आणि मार्शल बेटांतही असेच आहे का?

जात तीच, तपशील वेगळे. तुवालूतही निम्म्याहून अधिक लोक फुनाफुती या एका कंकणद्वीपावर, आणि मार्शल बेटांतले निम्मे माजुरोवर. मार्शलमधल्या इबाय या इवल्याशा बेटावरची दाटी तारावाहून भयंकर आहे. तिचे कारण शेजारचा अमेरिकी क्षेपणास्त्र तळ आणि तिथली रोजंदारी.

२०. आलेली माणसे कधी गावी परततात का? तारावावर जन्मलेली मुले स्वतःला कुठली समजतात?

काही परततात. निवृत्त कारकून, शिक्षण संपूनही नोकरी न मिळालेला तरुण, आजारी आई-वडिलांसाठी जाणारी मुलगी. कुळाच्या जमिनीवरचा हक्क सुटलेला नसतो, म्हणून हे जमते. नाताळाच्या सुमारास बाहेरच्या बेटांकडे जाणाऱ्या बोटी भरून जातात.

मुलांचे सांगायचे तर, बेसिओत जन्मलेल्या आणि गाव कधीच न पाहिलेल्या मुलालाही ‘तू कुठला?’ विचारले की तो बहुधा आईचे किंवा वडिलांचे बेट सांगतो: ताबितेउआ, बेरू, नोनोउती. शहरात एकाच बेटावरून आलेली कुटुंबे मिळून आपला मानेआबा, म्हणजे सभागृह, बांधतात आणि तिथे आपल्या बेटाच्या रीतीने बसतात, गातात, नाचतात. तिथल्या वडीलधाऱ्यांची बसायची जागासुद्धा गावच्या मानेआबात असते तशीच ठरलेली असते.